असोद्याच्या बागेतली बाई

कामिनीबाई फेगडे यांनी एकतीस वर्षं जळगावच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि त्या एकतीस वर्षांत स्वतःसाठी एकही चित्र काढलं नाही. वेळ नव्हता असं नाही. पण दिवसभर वह्यांमधले तिकोनी डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य आणि खालून वाहणारी निळी नदी तपासून घरी आल्यावर ब्रशकडे बघवत नसे. निवृत्त झाल्यावर वर्षभर त्या घरातच होत्या. कपाटं आवरून झाली, लोणची घालून झाली. मग एका सकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला असोद्याच्या रस्त्यावर सोडाल का?"

योगराजराव डाळ मिलमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी स्कूटर काढली. बायकोच्या मांडीवर एक लाकडी पेटी होती, तिच्याकडे त्यांनी आरशातून दोनदा पाहिलं. "काय आहे त्यात?"

"रंग."

"कुणाचं घर रंगवायचंय?"

कामिनीबाई हसल्या नाहीत. त्यांना भीती वाटत होती. रस्त्याच्या कडेला बसून चित्र काढणारी साठीची बाई लोकांना कशी दिसेल, हा एकच विचार डोक्यात होता.

ती भीती पुढे गेली. चार वर्षांत त्यांनी असोदा, नशिराबाद आणि पार पद्मालयाच्या वाटेपर्यंत बसून तैलरंगातली दीडशेच्या वर छोटी निसर्गचित्रं केली. छोटी म्हणजे सहा इंच बाय आठ इंच. प्लायवूडची फळी, तिला पांढरा हात दिलेला. पेटीचं झाकण उभं केलं की त्यालाच फळी टेकवायची, पेटीच्या तळातच रंग कालवायचे. एक चित्र दोन तासांत पुरं झालं पाहिजे, कारण दोन तासांनी ऊन सरकतं, सावल्या दुसरीकडे जातात आणि समोर वेगळंच चित्र उभं असतं. जे काय करायचं ते तिथेच, समोर बघून. घरी आणल्यावर ब्रशचं टोकही लावायचं नाही. एखादा हिरवा चुकला तर चुकलेलाच राहील. रविवारी चित्रं काढायला निघणारा सात-आठ जणांचा एक गट होता, त्याचे म्होरके प्रेमराज सर या नियमाची थट्टा करत. "कामिनीबाई, तुम्ही चित्र काढता की उपवास करता?"

"उपवास सोपा असतो, सर," त्या म्हणत.

दुसराही एक नियम होता, पण तो इतका मुरलेला होता की त्याला त्या नियम म्हणतही नसत. शाळेत पहिल्याच तासाला त्या मुलींना सांगत, समोर दिसतं ते सगळं काढायचं नसतं. काय सोडायचं ते ज्याला कळलं त्याला चित्र कळलं. विजेचे खांब सोडायचे. मोटारसायकल सोडायची. ठिबकच्या काळ्या नळ्यांची भेंडोळी, खताच्या रिकाम्या गोण्या सोडायच्या. आणि शेतातली माणसं सोडायची, कारण माणसं हलतात, मध्येच उठून जातात, आणि एवढ्याशा फळीवर त्यांचा नुसता डाग होतो.

असोद्याला त्यांची ठरलेली जागा लोटन भोळे यांच्या केळीच्या बागेजवळ होती. बांधावर कडुनिंब होता, त्याची सावली सकाळी साडेदहापर्यंत टिके. लोटनभाऊ बहुतेक वेळा गाडी भरायच्या गडबडीत असत. बागेत खरं राज्य त्यांच्या आईचं, सुगंधाबाईंचं. वय पंचाहत्तरच्या आसपास, अंगाने काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी लांबून आवाज दिला होता, "व बाई, सर्वेवाली का तू? रस्ता काढतं का आमच्या बागेतून?"

"नाही अक्का. चित्र काढते."

"कशाचं?"

"केळीचं."

सुगंधाबाई जवळ आल्या, फळीकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं, परत फळीकडे पाहिलं. "केयीचं चित्र," त्या म्हणाल्या. "आम्ही केयी वावरात लावतो, तू लाकडावर लावतं. लाव माय. इले पाणी तरी लागत नही." आणि घरातून चहा मागवला.

तेव्हापासून दर पंधरा-वीस दिवसांनी कामिनीबाई तिथे जात. सुगंधाबाई काम करता करता बोलत आणि कामिनीबाई काम करता करता हूं म्हणत. थंडीत पानं का पिवळी पडतात, घडाला निळी पिशवी का घालतात, घडाखालचं कमळ, म्हणजे केळफूल, कधी मोडतात हे सगळं त्यांना सुगंधाबाईंनी शिकवलं. केळीच्या पानात किती हिरवे असतात ते मात्र कामिनीबाईंनी स्वतः शोधलं. उन्हाकडचा पिवळसर, पाठीमागचा राखी, फाटलेल्या कडेचा जवळजवळ तांबडा. डोळे मिटूनही त्या ते मोजून दाखवू शकल्या असत्या.

१५ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी आठला कामिनीबाई कडुनिंबाखाली बसल्या तेव्हा गारठा होता आणि ऊन तिरपं, कोवळं, अगदी हवं तसं होतं. बागेच्या कडेची रांग, तिच्यावर लोंबणारे घड, निळ्या पिशव्या, मागे दाट काळोखा हिरवा. त्यांनी रंग काढले आणि जगाचा विसर पडला.

थोड्या वेळाने सुगंधाबाई आल्या. पाण्याच्या टाकीशेजारी केळीचं एक क्रेट पालथं घातलं आणि त्यावर बसल्या. कामिनीबाईंनी मान वर करून "या अक्का" म्हटलं आणि पुन्हा मान खाली घातली. टाकीचा सिमेंटचा चौकोन चित्रात नकोच होता. तिथे त्यांनी सावली ओढली, आणि सावलीच्या बुडाशी वाळलेल्या पानांचा ढीग म्हणून पिवळ्या मातकट रंगाचा एक ठिपका ठेवला. मध्येच त्यांना जाणवलं की आज सुगंधाबाई बोलत नाहीत. बरंच झालं, असं वाटलं. हेही जाणवलं की त्या काम करत नाहीयेत. थंडी आहे, बसल्या असतील उन्हाला, असं वाटलं.

दोन तासांनी कामिनीबाईंनी ब्रश पुसला. चित्र चांगलं झालं होतं. चार वर्षांत झालं नव्हतं इतकं चांगलं.

"झालं का?" सुगंधाबाईंनी मान न हलवता विचारलं.

"झालं."

"मग उठू का आता?"

कामिनीबाईंना प्रश्नाचा अर्थ लागला नाही. सुगंधाबाई गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, एका हाताने कंबर धरून उठल्या. "व माय, मुंग्याच आल्या पायाले. पण हलली नही, पाह्यलं ना तू? माशी बसली नाकावर तरी हलली नही." त्या लंगडत आल्या आणि फळीवर वाकल्या. "दाखव. मी कुठी आहे?"

आता अर्थ लागला.

खरं सांगायला तेवढा एकच क्षण होता. कामिनीबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या असत्या, 'अक्का, मला कळलंच नाही, उद्या येते आणि फक्त तुम्हालाच काढते,' तर पुढचं काहीच घडलं नसतं. सुगंधाबाईंनी शिव्या घातल्या असत्या, दोघी हसल्या असत्या. पण चित्र नुकतंच संपलं होतं, ते इतकं चांगलं झालं होतं, आणि तो चेहरा इतका जवळ आला होता. कामिनीबाईंनी ब्रशच्या दांड्याने वाळलेल्या पानांचा ढीग दाखवला.

"या तुम्ही."

"एवढीशी?"

"लांबून अशाच दिसता, अक्का."

सुगंधाबाईंनी डोळे बारीक केले, मोठे केले. फळी उजेडात धरून पाहिली. "मले तर नुसतं पिवयं दिसतं," त्या म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "डोयेच गेले माझे. लोटन म्हणतो आपरेशन कर, मी म्हणते कायले. आहे ना मी? बस मग. माझा एकटीचा एक फोटो नही घरात. आधार कार्डावर आहे तो असा, का पोलिसानं धरून नेलं. हे बरं. माझ्या बागेत मी बसेल."

परतताना योगराजरावांनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं," कामिनीबाई म्हणाल्या.

जानेवारीत प्रेमराज सरांनी गटाचं प्रदर्शन ठरवलं. जळगावात एका संस्थेचा हॉल, शनिवार-रविवार, २५ आणि २६ तारीख. ते चित्रं निवडायला घरी आले. असोद्याच्या त्या फळीपाशी थांबले आणि बराच वेळ हलले नाहीत.

"हे मधोमध लावायचं," ते म्हणाले. "काय शांतता आहे हो! एक माणूस नाही."

कामिनीबाईंनी चहाचे कप उचलले आणि आत गेल्या.

संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी फोन आला. सुगंधाबाईंची नात मयुरी, कॉलेजात शिकणारी. "बाई, पेपरात वाचलं तुमच्या प्रदर्शनाचं. आजी पण आहे ना त्यात? ती तर गावभर सांगत सुटलीय. शनिवारी आम्ही सगळे येतोय. शेजारच्या भिकुआजी पण येतायत. त्या म्हणतात, बघू तरी तुझं ध्यान कसं काढलंय."

कामिनीबाई म्हणाल्या, "या ना." फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या.

चित्र प्रदर्शनातून काढून घेता आलं असतं. कारण सांगावं लागलं असतं. दोन दिवस त्यांनी कारण शोधलं आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, योगराजराव बाजारात गेल्यावर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पेटी उघडली. चार वर्षांत पहिल्यांदा त्या घरात बसून फळीला ब्रश लावणार होत्या. नियम मोडतोय याची लाज होतीच. पण खरी लाज पुढे उभी होती.

आकृती कशी बसवायची ते त्यांना बरोबर माहीत होतं. टाकीजवळ, सावलीच्या कडेला, डोक्यावर ऊन. मान थोडी ताठ. क्रेटवर बसलेली. हात मांडीवर. ब्रश रंगाकडे नेला आणि तिथेच थांबला.

सुगंधाबाईंनी काय नेसलं होतं?

त्यांनी डोळे मिटले. पानाच्या कडेचा तांबडा आठवला. तिसऱ्या घडाची पिशवी एका बाजूने फाटलेली आठवली. दूरच्या बांधावरच्या बाभळीचा करडा आठवला. क्रेटचा रंगही आठवला, लाल. आणि त्या लाल क्रेटवर काही नव्हतं. दोन तास एक बाई समोर बसली होती, माशी नाकावर बसली तरी न हलता, आणि त्या जागी त्यांच्या आठवणीत एक भोक होतं.

योगराजराव पिशवी घेऊन परतले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या.

"अहो, सुगंधाअक्का कसली लुगडी नेसतात हो?"

"मी कशाला म्हाताऱ्या बायकांची लुगडी बघत बसू?" ते म्हणाले. "तू बघतेस ना त्यांना, चार वर्षं."

शेवटी कामिनीबाईंनी डाळिंबी रंग घेतला, थोडा मातीत मळवून. शेतातली बाई, रोजचं जुनं लुगडं, असंच काहीतरी असणार. हिरव्याशेजारी डाळिंबी उठून दिसतो हेही त्यांना माहीत होतं, आणि रंग निवडताना ते मनात आलं होतं. आकृती वीस मिनिटांत झाली. हाताला सवय होती.

मंगळवारी प्रेमराज सर चित्रं न्यायला आले. त्यांनी ती फळी पाहिली आणि चष्मा वर केला. "अरे, ही बाई मागच्या वेळी नव्हती?"

"होती," कामिनीबाई म्हणाल्या. आणि ते खरं होतं.

"छान झालंय. चित्रात जीव आला," सर म्हणाले, आणि पुढच्या फळीकडे वळले.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये बऱ्यापैकी गर्दी होती. अकराच्या सुमाराला दारात गलका झाला. आधी मयुरी आत आली, मागून सुगंधाबाई, मागून त्यांच्या शेजारच्या भिकुबाई. भिकुबाई धुळ्याकडच्या. लग्न होऊन असोद्याला येऊन पन्नास वर्षं झाली तरी बोलणं माहेरचंच, अहिराणी, राहिलेलं, आणि आवाज असा की बागेच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचावा.

कामिनीबाईंनी सुगंधाबाईंकडे पाहिलं. सुगंधाबाई पोपटी नेसल्या होत्या. कडक घडीचं पोपटी लुगडं, जांभळे काठ, डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"आजीनं तेच नेसलंय, बाई," मयुरी हसत म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या चित्रासाठी पेटीतून काढलं होतं ना, तेच. म्हणाली, लोकांनी चित्र पाहिलं आणि मले पाह्यलं तर ओळखलं पाहिजे."

पोपटी. केळीच्या कोवळ्या पानासारखा पोपटी, त्यांच्या अगदी ओळखीचा हिरवा. पेटीतून काढलेला, सणासुदीचा.

सुगंधाबाई मधल्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. मयुरीने बोट दाखवलं. डाळिंबी लुगड्यातल्या भिकुबाईंनी वाकून पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"हाई ते मी शे!" त्या ओरडल्या. "हाई लुगडं मनंच शे! पाह्य व सुगंधा, तुले दोन घंटा बसाडं आनि काढं मले!"

आजूबाजूची चार-सहा माणसं हसली. एका पोराने मोबाइल वर केला. मयुरीही हसली, आणि हसता हसता तिने आजीच्या तोंडाकडे पाहिलं.

सुगंधाबाई हसत नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या पदराकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा पदराकडे. जणू घाईत दुसरंच काही नेसून आलो की काय याची खात्री करत होत्या.

"बाई," त्या हळू म्हणाल्या, "मी पोपटी नेसेल होती ना त्या दिशी?"

"ऊन असं होतं ना अक्का," कामिनीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "उन्हात रंग..."

"हां," सुगंधाबाई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या. मान डोलावली. "उन्हानं दिसत असेल. माझेच डोये..."

त्या पुन्हा स्वतःचेच डोळे दोषी धरणार होत्या. तेच वाक्य, तसंच, दुसऱ्यांदा. कामिनीबाईंना ते पुरतं ऐकवेना.

"नाही अक्का. तुमचे डोळे चांगले आहेत." त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी तुम्हाला काढलंच नव्हतं. ते पिवळं दाखवलं ते वाळलेलं पान होतं. ही बाई मी गेल्या आठवड्यात घरी बसून काढली. तुम्ही काय नेसला होता ते मला आठवलं नाही."

भिकुबाईंचं हसू थांबलं. मोबाइल खाली गेला.

"मग आजीला दोन तास कशाला बसवलंत?" मयुरी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मी बसवलं नव्हतं," कामिनीबाई म्हणाल्या. ते खरं होतं, आणि बोलून झाल्याबरोबर त्यांना कळलं की आजवर आपल्या तोंडून निघालेल्या सगळ्या बोलण्यात हे सर्वांत हलकं होतं.

"नही बसवलं," सुगंधाबाई म्हणाल्या. "खरं आहे. माझी मी बसली." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मयुरीने खुर्ची ओढली. त्या बसल्या, पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायल्या. मग उठल्या आणि हॉलमधली बाकीची सगळी चित्रं एकेक करून पाहिली, जशी एखाद्याच्या घरी लग्नाला गेल्यावर रुखवत पाहावी तशी. भिकुबाई मुकाट्याने मागे. दारापाशी त्या थांबल्या.

"चांगले आहेत चित्रं तुमचे," त्या म्हणाल्या. "या कधी बागेकडे."

चार वर्षांत त्या कामिनीबाईंना कधी तुम्ही म्हणाल्या नव्हत्या.

दुपारी कामिनीबाईंनी ते चित्र भिंतीवरून उतरवलं. प्रेमराज सर धावत आले. "अहो, लोक विचारतायत त्याच्याबद्दल! मधलं चित्र काढून भोक कसं ठेवायचं?"

"घरी दुसरी आहेत, त्यातलं लावा," त्या म्हणाल्या. सरांनी काय झालं ते विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "एवढंच? अहो, आपण सगळेच असं करतो. मी तर झाडंसुद्धा उचलून दुसरीकडे ठेवतो." त्यांना धीर द्यायचा होता. कामिनीबाईंना धीर आला नाही.

पुढच्या रविवारी, २ फेब्रुवारीला, त्या असोद्याला गेल्या. योगराजरावांना सोडायला सांगितलं नाही. एसटीने गेल्या आणि फाट्यापासून चालत. बागेत घड उतरवायचं काम चालू होतं. लोटनभाऊंनी लांबूनच हात केला, बोलायला आले नाहीत. सुगंधाबाई बांधावर बसून वाळलेल्या सोपटाचे, केळीच्या खोडाच्या सालीचे, धागे काढत होत्या, केळीला आधाराच्या काठ्या बांधायला.

"या," त्या म्हणाल्या. "बसा."

कामिनीबाईंनी पिशवीतून फळी काढली. "अक्का, हिला तुमच्यासमोर काढून टाकते."

"कोणाले?"

"ह्या बाईला."

कामिनीबाईंनी पातळ सुरी घेतली आणि आकृतीवरून हळूच फिरवली. वरचा रंग अजून कच्चा होता, पापुद्र्यासारखा निघाला. डाळिंबी लुगडं निघालं, मान निघाली, मांडीवरचे हात निघाले. खालची सावलीही खरवडली गेली आणि फळीचा पांढरा उघडा पडला, नखाएवढा. सुगंधाबाई धागे ओढता ओढता पाहत होत्या.

"गेली," त्या म्हणाल्या.

"गेली."

"ते पांढरं आता भरा ना काहीतरी. बरं नही दिसत."

"नाही अक्का. तिथे तुम्हीच होता. तिथे दुसरं काही भरणार नाही." मग धीर करून त्या म्हणाल्या, "एकदा बसाल का? तुम्ही म्हणाल तेव्हा. पोपटी नेसून, नाहीतर असंच. मी फक्त तुम्हाला काढीन. केळी नाही, काही नाही."

सुगंधाबाईंनी धाग्याला गाठ मारली, दाताने ओढून पक्की केली.

"नही व बाई," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "आता मले बसता येणार नही. त्या दिशी मी बसली ना, मले वाटे, ही पाह्यते. वर पाह्यलं का मी पदर नीट करू. आता बसली तर मले वाटत राहीन, ही मले पाह्यते का माझ्या मांगचं पाह्यते. असं कोणी बसतं का?"

कामिनीबाईंनी सुरी पुसून पिशवीत ठेवली.

"तुम्हाले बसायचं तर बसा. चित्रं काढा. बाग काही कोणाले नही म्हणत नही," सुगंधाबाई म्हणाल्या. "मले काम आहे. गाडी येईन आता."

त्या उठल्या, धाग्यांची जुडी खांद्यावर टाकली आणि बागेकडे निघाल्या. कामिनीबाई पाहत राहिल्या. आज लुगडं निळं होतं, धुवून धुवून राखीकडे गेलेलं, काठाचा धागा एका जागी उसवलेला. पोलकं पांढरं, बाहीला सेफ्टी पिन. उजव्या पायातल्या चपलेला तारेने टाका. डावा पाय त्या किंचित ओढत होत्या. हे आजचं होतं की चार वर्षांपासूनचं, ते कामिनीबाईंना सांगता आलं नसतं. दोन रांगांच्या मधून जाताना सुगंधाबाईंनी एका लोंबत्या पानाखाली मान झुकवली, एका घडाच्या पिशवीवरून हात फिरवला, आणि पुढच्या वळणावर पानांआड झाल्या.

ऊन तिरपं होतं, कोवळं. कामिनीबाईंनी पेटी मांडीवर घेतली होती. त्यांनी ती उघडली नाही. बसाल का, ते विचारून झालं होतं आणि उत्तर मिळालं होतं. बागेतून भिकुबाईंचा आवाज आला, कोणाला तरी घड जपून उतरवायला सांगत होत्या, आणि मग गाडीचा हॉर्न. तिकडून माणसं येताना पाहून कामिनीबाई उठल्या, आणि त्यांना वाट देण्यासाठी बांधाच्या कडेला, पेटी छातीशी धरून उभ्या राहिल्या.